खांब आणि थांब

घुमीला घुमी हे नाव तिच्या नणंदेनं ठेवलं. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा सगळे एकमेकांच्या वरताण बोलत होते आणि ही नुसती मान हलवत होती. वन्सं भावाला म्हणाल्या, "अरे, बायको आणलीस की घुमी?" नाव चिकटलं ते चिकटलंच. आता नवराही तिला त्याच नावानं हाक मारतो आणि तीही ओ देते.

खरं तर घुमी दिवसभर बोलतच असते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ती तक्रारीच्या फोनवर बसते. डोक्यावर हेडफोन चढवला की गावाचा राग तिच्या कानात ओतला जातो. पाणी आलं नाही. आलं ते गढूळ आलं. आलं ते शेजारच्यांकडे आलं आणि आमच्याकडे नुसती हवा आली. यावर तिनं द्यायचं उत्तर ठरलेलं आहे. "काम चालू आहे, थोड्याच वेळात येईल." काम चालू असो वा नसो. ते वाक्य बोलताना तिचा आवाज पाकात बुडवून काढल्यासारखा होतो. संध्याकाळपर्यंत कान किटून जातात आणि घरी ती कुणाशी अवाक्षर बोलत नाही.

म्हणून तिनं एक नेम धरला होता. पहाटे उठून पळायचं. नेम म्हणजे नेम. अंगात कणकण असली तर पळण्याऐवजी चालायचं, पण उंबरा ओलांडायचाच. पळताना कानात गाणी. त्यातही परभाषेतली गाणी तिला जास्त आवडत, कारण त्यांत कुणी तक्रार करत असलं तरी कळत नाही. तेवढाच वेळ तिचे कान तिचे असत.

वन्सं वरच्या मजल्यावर राहतात. त्या घुमीच्या नवऱ्याची थोरली बहीण. बेकरीत कामाला. लांब पल्ल्याच्या शर्यती त्या घुमी या घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून पळत आलेल्या. त्यांची पदकं स्वयंपाकघरात झाऱ्या-पळ्यांच्या शेजारी खिळ्याला लटकतात. पुढे डोळ्यांचा पडदा सुकत गेला. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं, आता फक्त उजेड आहे की नाही एवढं कळतं. बेकरीतलं काम सुटलं नाही. कणीक हाताला दिसते, म्हणतात त्या, आणि पाव भाजला की नाही ते उलटा करून टिचकी मारली की कळतं. पळणंही सुटलं नव्हतं, कारण बेकरीतली मैत्रीण सोबत पळायची. ती लेकीकडे राहायला गेली आणि वन्संचे बूट जिन्याखाली पडून राहिले.

एका संध्याकाळी घुमी भांडी विसळत होती. वन्सं भिंतीला हात लावत खाली आल्या आणि ओट्याशी उभ्या राहिल्या.

"आंधळा मागतो एक डोळा," त्या म्हणाल्या, "मला एक भावजय हवी आहे."

"काय झालं वन्सं?"

"शर्यत आहे. माझ्याबरोबर पळायला सोबती लागतो. तू पळतेस."

घुमीनं नळ बंद केला. नवरा खुर्चीत बसून बुटाला पॉलिश करत होता, त्याचा ब्रश थांबला.

"मी हळू पळते," घुमी म्हणाली.

"मीही काही घोडी नाही. ऐक. ह्या शर्यतीच्या मागून एक बस येते, मागे पडलेल्यांना गोळा करत. तिच्यात बसायची वेळ आली तर मी बूट काढून कुणाला तरी देऊन टाकीन, आणि पुन्हा पळायचं नावही काढणार नाही. सांगून ठेवते."

नवरा ब्रशसकट वर बघायला लागला. वन्संचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मागे एकदा भावाशी भांडण झालं तेव्हा, तुझ्या गाडीत पाय ठेवणार नाही, म्हणाल्या होत्या. भांडण दुसऱ्या दिवशी मिटलं. गाडी विकेपर्यंत त्या चालतच आल्या आणि गेल्या.

"आणि एक," वन्सं म्हणाल्या. "कानातलं काढावं लागेल."

घुमीचा हात आपोआप कानातल्या कुड्यांकडे गेला.

"ते नव्हे गं. गाणी. सोबत्याच्या कानात काही चालत नाही, नियमच आहे. नियम नसता तरी मला चाललं नसतं. दिवसभर एक हेडफोन, सकाळी दुसरा. तुझे कान मोकळे कधी असतात? देवानं डोळ्यांना झाकण दिलं, कानाला दिलं नाही. काहीतरी विचार करूनच दिलं नसेल ना?"

फोनवर बसला असता तर त्यानं दिलं असतं, असं घुमीच्या ओठांवर आलं होतं. पण ती घुमी. मान हलवली. मग लक्षात आलं की मान हलवलेली वन्संना दिसत नाही, आणि म्हणाली, "बरं."

पडद्याच्या जुन्या दोरीचा तुकडा कापून तिनं दोन्ही टोकांना फासे शिवले. एक फासा वन्संच्या हाताला, एक स्वतःच्या. पहिल्या पहाटे दोघी दारातून बाहेर पडल्या तेव्हा नवरा अंथरुणातूनच ओरडला, "दोघींना एका दोरीला बांधलंय, आता मला कोण सोडवणार?"

"तू झोप रे," वन्सं म्हणाल्या. "तुला कुणी बांधलंच नव्हतं."

तळ्याभोवतीच्या वाटेवर दोघी पळू लागल्या. पहिलीच पायरी आली आणि घुमी म्हणाली, "वन्सं, आता जरा पाय उचला हं, पुढे पायरी..." तोवर वन्संचं बोट पायरीवर आपटलेलं होतं.

"तुझा मान पोचेपर्यंत माझं नाक फुटायचं," बोट चोळत त्या म्हणाल्या. "अहो-जाहो घरी. पळताना अगं-तुगं. एका शब्दात सांगायचं. उचल. वळ. थांब. थांबा नाही, थांब. समजलं?"

"पण मी तुम्हाला थांब कसं म्हणू?"

"म्हणून बघ. जीभ झडते का ते कळेल."

जीभ झडली नाही. पहिले काही दिवस मात्र प्रत्येक "वळ"च्या मागे तिच्या मनात एक "हं वन्सं" लागून येई. ते ती गिळून टाकी.

याहून अवघड होतं ते गाण्यांवाचून पळणं. घुमीला वाटलं होतं, शांत वाटेल. कसलं शांत! कान उघडे पडले आणि आत कचेरी भरली. काल सकाळी चौथ्या मजल्यावरून फोन करणारी म्हातारी, तिच्या मागे रडणारं मूल, "तुमच्या घरी येतं ना पाणी?" म्हणणारा माणूस. सगळे एकामागून एक रांगेत. शिवाय स्वतःचा श्वास. गाण्याखाली तो कधी ऐकूच आला नव्हता. आता ऐकला तर जुन्या पंपासारखा घरघरत होता.

आठवडाभर सोसलं आणि मग तिनं लबाडी केली. वन्संच्या बाजूचा कान मोकळा ठेवला आणि पलीकडच्या कानात गाण्यांचं एक बारीकसं बोंड घातलं. वर रुमाल बांधला. आवाजही अगदी कमी. वन्संना दिसणार नव्हतंच, आणि ऐकू येण्याचाही प्रश्न नव्हता. तळ्याचा एक फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्याच्या मध्यावर वन्संनी दोरी ओढली.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"कुठे?"

"आपल्यात तिसरं कोण आहे? इतके दिवस तुझा पाय माझ्या पायाबरोबर पडत होता. आज तू भलत्याच कुणाच्या तालावर पळते आहेस. मी हळू झाले तरी तू होत नाहीस. दोरी सारखी ताणते आहे."

घुमीनं रुमालात हात घालून बोंड काढलं आणि खिशात टाकलं.

"रागावले नाही," वन्सं म्हणाल्या. "पण माझ्या पायाला दुसरं काही ऐकू येत नाही गं, तुझंच पाऊल येतं. ते तू दुसऱ्याला दिलंस तर मी कशावर पळू?"

त्या दिवसानंतर बोंडं घरी, कपाटात राहिली. कचेरीतले लोक काही दिवस पहाटेच्या रांगेत येत राहिले. मग एखाद-दुसरा येईनासा झाला. कधी थांबले ते घुमीला सांगता येणार नाही. पंपाची घरघर मात्र राहिली, पण तिच्या शेजारी दुसऱ्या पंपाची घरघर होती आणि दोन्ही एका ठेक्यात आल्या की पाय हलके पडत. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. गाण्यांची आठवण यायची ती यायचीच. शर्यत झाली की आपली पहाट आपल्याला परत मिळेल, हेही ती मनातल्या मनात धरून होती.

शर्यतीच्या दिवशी सुरुवात छान झाली. रुंद रस्ता, वळणं थोडी. घुमीनं मनात देवाचं नाव घेतलं आणि पळायला लागली. आजूबाजूच्या निम्म्या लोकांच्या कानात काहीतरी होतंच. कुणी पुटपुटत होतं, कुणी हवेत बोटं नाचवत होतं. वन्संनी विचारलं, "एवढी माणसं आणि कुणी बोलत का नाही?" घुमी म्हणाली, "सगळे फोनवर आहेत." वन्सं इतक्या हसल्या की श्वास चुकला.

अर्ध्याच्या पुढे रस्ता जुन्या बाजारात शिरत होता. तिथे दोन्ही बाजूंना मोठाले स्पीकर लावलेले. पळणाऱ्यांना जोर यावा म्हणून. जोर कुणाला येत होता कोण जाणे, घुमीला स्वतःचा आवाज ऐकू येईना. गल्लीच्या तोंडाशी, गाड्या आत येऊ नयेत म्हणून कमरेएवढे लोखंडी खांब रोवलेले होते. पुढच्या माणसाची पाठ बाजूला झाली आणि एक खांब नेमका वन्संच्या समोर आला.

तळ्याच्या वाटेवर खांब नव्हते. या शब्दाची उजळणी कधी झालीच नव्हती. घुमी जिवाच्या आकांतानं ओरडली, "खांब!"

आणि वन्सं थांबल्या. शिकल्याप्रमाणे, जागच्या जागी.

मागून निळ्या टोपीचा एक माणूस कान झाकून, मान खाली घालून येत होता. तो सरळ त्यांच्या पाठीवर आदळला. वन्सं गुडघ्यावर पडल्या, दोरीमुळे घुमी त्यांच्यावर. टोपीवाल्यानं एका कानावरचं झाकण उचललं, "काय?" म्हणाला, "सॉरी, सॉरी," म्हणाला, झाकण खाली घेतलं आणि गेला.

घुमीनं वन्संना धरून भिंतीच्या कडेला ओढलं.

"थांब का म्हणालीस?" वन्सं तिच्या कानाशी ओरडल्या.

"मी खांब म्हणाले!"

"काय?"

"खांब! खांब!"

वन्संनी हात पुढे केला. घुमीनं तो धरून खांबावर ठेवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत चाचपला.

"आणि खांब म्हटल्यावर मी काय करायचं होतं? डावीकडे व्हायचं, उजवीकडे व्हायचं, की मिठी मारायची?"

घुमीला रडू येत होतं आणि त्यातच हसू फुटलं. "थांबा म्हटलं असतं तर हा घोटाळाच झाला नसता," ती म्हणाली. "तुम्हीच माझा काना काढलात."

"बरं बाई, माझंच चुकलं. आता इथून पुढे थांबायचं असेल तर मानानं सांग. चल."

पण चाल मोडली होती. गुडघा वाकायला तयार नव्हता. बाजार संपला, स्पीकर मागे राहिले, आणि रस्त्यावर आजूबाजूला कुणी उरलं नाही. पाण्याच्या टेबलावरचे लोक रिकामे पेले गोळा करू लागले होते.

"बस कुठे आहे?" वन्संनी विचारलं.

घुमीनं मागे पाहिलं. "लांब आहे."

वन्सं लंगडत आणखी काही पावलं पळाल्या. मग म्हणाल्या, "खांब, थांब, आता लांब. आणि हा आवाज मला नको. हा तू पाणी न आलेल्या बायकांना देतेस."

घुमीचे कान तापले. पाकातला आवाज तिच्या नकळत आला होता.

"मागच्या वळणावर आहे," तिनं सांगितलं. "खिडकीत माणसं दिसताहेत."

"हां. आता बोललीस."

बसनं त्यांना चढाच्या पायथ्याशी गाठलं. ती शेजारी येऊन थांबली, दार उघडलं आणि गळ्यात शिटी अडकवलेला माणूस पायरीवर आला. आत पाय पसरून बसलेली दमलेली माणसं दिसत होती. एकीनं सरकून जागाही केली.

"मावशी, या. पुष्कळ पळालात," शिटीवाला म्हणाला. "बस पुढे गेली की रस्ता गाड्यांना मोकळा होतो. मग तुमची वेळ धरणार नाहीत, पदकही मिळणार नाही. यायचंच असेल तर फुटपाथवरून, आपल्या जबाबदारीवर."

वन्सं उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा इंजिनाच्या आवाजाकडे वळलेला होता.

घुमी ते दार बघत होती. एक "बसा" म्हटलं की काम होतं. कुणी तिला बोल लावला नसता, गुडघा खरोखरच सुजला होता. आणि वन्संनी बूट देऊन टाकले की उद्यापासून पहाट तिची एकटीची. कपाटातली बोंडं, ती भाषा न कळणारी गाणी. हा विचार आला. तिनं बोलावला नव्हता, पण आला, आणि दारात उभा राहिला.

"माझा गुडघा बघ," वन्सं म्हणाल्या. "दुखतंय किती ते मला कळतं. दिसतंय कसं ते सांग. खरं सांग."

घुमी खाली बसली. "कातडं सोलवटलंय. रक्त सुकलंय. सूज आहे, पण वाटी जागेवर आहे. तुम्ही त्याच्यावर उभ्या आहात."

"तू असतीस तर?"

"मी असते तर बसले असते."

शिटीवाला हसला. वन्संनी मान खाली घातली. दोरी घुमीच्या मनगटावर सैल लोंबत होती. घुमी उठली आणि तिनं दोरी आखडून हातात घेतली.

"पण वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी काय म्हणालात? बसमध्ये बसायची वेळ आली तर, असं. बस पुढे गेली तर, असं नाही म्हणालात."

"म्हणजे?"

"म्हणजे बस जाऊ द्या. आपण तिच्यात बसलो नाही म्हणजे झालं. पदकाचं तर तुम्ही बोललाच नव्हता."

वन्संनी तोंड तिच्याकडे वळवलं. "तू वकिलीण कधी झालीस गं?"

"रोज फोनवर लोकांचे शब्द मोजते मी. कोण काय बोललं नाही, ते मला बरोबर कळतं."

"आणि गुडघा?"

"चालत जाऊ. पळायलाच पाहिजे असं तरी कुठे म्हणालात?"

"ते नको काढूस," वन्सं म्हणाल्या. "पळायचंच आहे." मग बसच्या दिशेनं हात केला. "जा बाबा तू. वाट नको बघूस."

शिटीवाल्यानं खांदे उडवले. दार मिटलं. बस चढावर गेली आणि तिच्या मागून, कुणीतरी फाटक उघडल्यासारख्या, गाड्या आल्या.

घुमी वन्संना घेऊन फुटपाथवर चढली. शर्यतीचा रस्ता कसा, झाडलेला आणि मोकळा. फुटपाथ म्हणजे अख्खं गाव. दोरीत आता हातभरही अंतर ठेवायची सोय नव्हती. घुमी बोलायला लागली ती थांबेचना.

"उचल. खाली. उजवी सरक, शिडी आहे, वर माणूस रंग देतोय. सरळ. फरशी उखडली आहे, उचल. डावी. खुर्च्या. आणखी खुर्च्या. वळ. सरळ, सरळ. कुत्रा."

"कसला कुत्रा?"

"झोपलेला."

"रंग विचारते आहे."

"तपकिरी, एक कान पांढरा. उचल! सरक, बाई येते आहे, गाडीत बाळ आहे."

"रडतंय ते ऐकू येतंय. बाई कशी आहे?"

"दमलेली. खाली. नळ फुटलाय, पाणी वाहतंय, उडी मार, छोटी."

वन्संनी दुखऱ्या पायानं छोटी उडी मारली आणि धापा टाकत म्हणाल्या, "तक्रार कर की मग."

"आज सुट्टी आहे माझी. थांबा!"

वन्सं थांबल्या. समोरून दोघं मोठी काच उचलून नेत होते. काच गेली. दोघी पुन्हा निघाल्या. घुमीचा घसा कोरडा पडला होता. इतकं ती जन्मात एका दमात बोलली नव्हती, आणि त्यात एकही वाक्य ठरलेलं नव्हतं.

त्या पोचल्या तेव्हा शेवटच्या रेघेवरची हवेची कमान खाली बसत होती. कामगार तिची हवा तुडवून काढत होते. टेबलं दुमडून टेम्पोत चढवली जात होती आणि रेघेची पट्टी एक माणूस उकिडवा बसून गुंडाळत होता.

"आली का रेघ?"

"आली. अर्धी गुंडाळली आहे."

"उरलेल्या अर्ध्यावरून ने."

गुंडाळणाऱ्या माणसानं वर पाहिलं, दोरी पाहिली, गुडघा पाहिला आणि पट्टी धरून तसाच थांबला. दोघी ओलांडून गेल्या. त्यानं पुढे गुंडाळायला घेतली.

कडेच्या कठड्यावर बसल्यावर वन्सं वाकून उजव्या बुटाची नाडी सोडायला लागल्या. घुमीनं पटकन त्यांचा हात धरला.

"वन्सं, बूट का काढताय?"

"खडा गेलाय गं मघापासून. चढावर गेला. सांगितलं असतं तर तू थांबायला लावलं असतंस."

बूट उलटा करून त्यांनी झटकला आणि पाय आत सरकवला. पण गुडघा काही वाकेना, नाडीपर्यंत हात पोचेना. घुमी खाली बसली आणि नाडी बांधायला लागली.

"घट्ट बांध," वन्सं म्हणाल्या. "आणि उद्या मला उठवू नकोस हं. हे दुखणं चार दिवस पुरेल. तू तुझी जा पळायला, गाणी लावून."

"बरं," घुमी म्हणाली. नाडीला दुहेरी गाठ मारली आणि दुसऱ्या बुटाची नाडी ठीक आहे का तेही ओढून बघितलं. "पण गुडघा बरा झाला की सांगा. बाजारातून एकदा जाऊन येऊ. खांबाला काय म्हणायचं ते ठरवायला हवं."